घोड्यांच्या निकाली शर्यती

कुस्त्यांच्या फडांत दुपारपासून लहानमोठ्या जोडी लागत असतात. हलगी कडकडत असते, तांबडी माती उडत असते. मंडळी पाहतात, वाहवा करतात आणि पुन्हां आपसांत बोलूं लागतात. परंतु दिवस कलल्यावर शेवटची मोठी जोड मातींत उतरली म्हणजे सारा फड एकाएकीं स्तब्ध होतो. ती कुस्ती निकाली असते. एकाची पाठ मातीला लागेपर्यंत दुसऱ्याची सुटका नाहीं. बरोबरींत सुटलेल्या दहा कुस्त्यांपेक्षां लोकांना ती एक अधिक प्रिय असते, कारण तींत सबबीला जागा नाहीं अशी सर्वांची समजूत असते.

घोड्यांच्या शर्यतींच्या इतिहासांतहि अशा निकाली लढती होऊन गेल्या आहेत. मुंबईस महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या मैदानावर ज्यांनीं शर्यती पाहिल्या असतील, त्यांच्या डोळ्यांपुढें शर्यत म्हटली कीं आठ-दहा घोड्यांचा घोळका उभा राहतो. पण हें शर्यतीचें मूळ रूप नव्हे. मूळ रूप दोन घोड्यांचें, दोन धन्यांचें आणि एका पैजेचें होतें. घोळक्यांत हरणाऱ्याला सबबी पुष्कळ सांपडतात: वाट अडली, कोणी आडवा आला, स्वार कोंडला गेला. दोघांच्याच शर्यतींत यांतली एकहि सबब चालत नाहीं. या दोहोंत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाला एकच आणि स्वच्छ उत्तर मिळावें, एवढ्यासाठीं तीन शतकें धनिकांनीं थैल्या रित्या केल्या आणि लाखो लोकांनीं श्वास रोखून धरले. तें उत्तर खरोखरच मिळालें काय, आणि त्याची किंमत कोणीं दिली, हें त्या जुन्या शर्यतींच्या आठवणी चाळल्या म्हणजे कळून येतें.

इंग्लंडांत सतराव्या शतकांत या प्रकाराला राजाश्रय मिळाला. दुसरा चार्लस राजा न्यूमार्केट गांवच्या विस्तीर्ण माळावर दरबारासह मुक्काम ठोकी आणि स्वतः घोड्यावर मांड टाकून शर्यतींत उतरे. पुढें शतकभर ही रीति उमरावांनीं चालविली. एक सरदार आपल्या घोड्याची वाखाणणी करी, दुसऱ्याला ती सोसवत नसे, आणि बोलतां बोलतां पैज लागे. मग अटी कागदावर येत: अंतर किती, घोड्याच्या पाठीवर वजन किती, दिवस कोणता, रक्कम किती आणि ऐन वेळीं माघार घेतल्यास दंड किती. वजनाची अट फार महत्त्वाची. दोन घोडे वयानें वा कीर्तीनें असमान असले तर बलवान घोड्याच्या पाठीवर अधिक भार घालून त्यांना एका पातळीवर आणीत. अशा रीतीनें सर्व पक्षांची संमति घेतली जाई. विचारलें जात नसे तें फक्त घोड्यांना.

न्यूमार्केटच्या या माळावर २५ मार्च १७९९ रोजीं हॅम्बल्टोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांची शर्यत झाली. पहिला घोडा सर हॅरी व्हेन-टेंपेस्ट या धनाढ्य उमरावाचा, दुसरा जोसेफ कुक्सन याचा. पैज ३,००० गिनींची. अंतर चार मैलांहून थोडें अधिक. फ्रँक बकल आणि डेनिस फिट्झपॅट्रिक हे दोन्ही स्वार त्या काळचे नामांकित. शेवटच्या टप्प्यांत दोन्ही घोडे गळ्याशीं गळा लावून धांवत होते आणि दोन्ही स्वारांचे चाबूक व टांचांचे कांटे सारखे चालत होते. हॅम्बल्टोनियन जिंकला तो अवघ्या अर्ध्या मानेनें. चार मैलांच्या दौडीनंतर जेमतेम हातभर अंतरानें.

धन्यानें या विजयाचें स्मारक म्हणून जॉर्ज स्टब्स या चित्रकाराकडून एक भव्य चित्र करविलें. स्टब्स तेव्हां पंच्याहत्तरीला टेकलेला होता. घोड्याच्या शरीराची रचना समजून घेण्यासाठीं त्यानें तरुणपणीं मेलेल्या घोड्यांचीं शवें चिरून पाहिलीं होतीं आणि १७६६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला होता. घोड्याला त्याच्याइतकें ओळखणारा दुसरा चित्रकार त्या देशांत नव्हता. त्यानें काढलेल्या चित्रांत जयघोष करणारी गर्दी नाहीं, बक्षिसाचा पेला नाहीं. शर्यत संपली आहे आणि मागें ओसाड माळ पसरला आहे. घोड्याचे कान मागें पडले आहेत, तोंड उघडें आहे. एक जण लगाम धरून उभा आहे. आणि एक पोरगेलासा मोतद्दार हातांत फडकें घेऊन, दुसरा हात घोड्याच्या पाठीवर टाकून, पाहणाराकडे स्थिर नजरेनें पाहत आहे. पुढें धनी आणि चित्रकार यांच्यांत मोबदल्यावरून तंटा लागला. तो न्यायालयांत गेला आणि निकाल चित्रकाराच्या बाजूनें झाला. बारा फूट रुंदीचें तें चित्र आज उत्तर आयर्लंडमधील माउंट स्टुअर्ट या वाड्यांत आहे. हातभर अंतरानें कोण जिंकलें हें आतां थोड्यांच्याच ध्यानांत असेल; त्या घोड्याचा थकवा मात्र अद्याप ताजा आहे.

इंग्लंडांत पैज दोन उमरावांची असे. अमेरिकेंत ती दोन प्रदेशांची झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तेथील उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांत गुलामगिरीच्या प्रश्नावरून तेढ वाढत चालली होती. उत्तरेचा अमेरिकन एक्लिप्स हा घोडा तोंपर्यंत एकदांहि हरला नव्हता. व्हर्जिनियाच्या विल्यम रॅन्सम जॉन्सन यानें दक्षिणेच्या वतीनें आव्हान दिलें. शर्यतींच्या मैदानाचा नेपोलियन म्हणून त्याची ख्याति होती. आव्हानहि विलक्षणच होतें. पैज प्रत्येकीं २०,००० डॉलरांची. उत्तरेचा घोडा ठरलेला, दक्षिणेचा कोणता तें मात्र शर्यतीच्या वेळींच कळणार. म्हणजे एका घोड्याविरुद्ध अर्ध्या देशाचे तबेले उभे राहिले.

२७ मे १८२३ रोजीं न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवरील युनियन कोर्स या मैदानावर सुमारें ६०,००० माणसें लोटलीं. एक्लिप्स नऊ वर्षांचा होता. दक्षिणेनें आणलेला हेन्री अवघा चार वर्षांचा. म्हणून एक्लिप्सवर १२६ पौंड आणि हेन्रीवर १०८ पौंड वजन. शर्यत चार-चार मैलांच्या फेऱ्यांची. तिहींपैकीं दोन फेरे जिंकील तो विजयी. पहिला फेरा हेन्रीनें ७ मिनिटें ३७॥ सेकंदांत जिंकला, आणि एक्लिप्स अजिंक्य आहे ही समजूत तेथेंच फुटली. त्याच्या स्वारानें घाबरून चाबूक आणि टांच इतकी चालविली होती कीं घोड्याच्या अंगावर जखमा झाल्या होत्या. तेव्हां सॅम्युएल पर्डी हा जुना, मुरलेला स्वार पुढें आला. वरच्या अंगरख्याखालीं तो स्वाराचा पोशाख घालूनच आला होता असें सांगतात. त्यानें घोड्याला चुचकारून, संधि पाहून पुढें काढलें आणि दुसरा फेरा ७ मिनिटें ४९ सेकंदांत जिंकला. तिसऱ्या फेऱ्यास दक्षिणेनेंहि आपला स्वार बदलला. परंतु एक्लिप्स पुन्हां पुढें राहिला. उत्तरेचा जयजयकार झाला.

या तिसऱ्या फेऱ्याची वेळ ८ मिनिटें २४ सेकंद अशी नोंदलेली आहे. पहिल्या फेऱ्याहून पाऊण मिनिट अधिक! जयजयकारांत या आंकड्याकडे कोणाचें लक्ष गेलें नसावें. पण एकाच दिवशीं बारा मैल भरधांव धांवून दोन्ही जनावरें किती थकलीं होतीं, तें हा एवढा आंकडाच सांगतो.

सबबींना जागा नसलेल्या या शर्यतीनंतर मग सबबींचाच सुकाळ झाला. जॉन्सन त्या दिवशीं आजारी होऊन अंथरुणास खिळला होता. तो मैदानावर असता तर हेन्रीला असें धांवविलेंच नसतें, असें दक्षिणेचें म्हणणें. त्यानें पुन्हां शर्यतीचें आव्हान दिलें. एक्लिप्सच्या धन्यानें तें नाकारलें आणि आपला घोडा मैदानांतून कायमचा काढून घेतला. प्रश्न होता तेथेंच राहिला. वस्तुतः हा प्रश्न घोड्यांचा नव्हताच. दक्षिणेच्या तबेल्यांतून घोड्यांची निगा राखणारे आणि पुष्कळदां त्यांच्यावर स्वार होणारेहि लोक गुलाम असत. जॉन्सनच्याच पदरीं वाढलेल्या चार्लस स्टुअर्ट नांवाच्या गुलामानें सांगितलेली आपली जीवनकथा १८८४ सालीं एका मासिकांत छापली गेली, आणि त्या वैभवाखालचें जग लोकांना दिसलें. शर्यतीनंतर ३८ वर्षांनीं उत्तर आणि दक्षिण यांचा वाद रणांगणावर गेला; तेथें त्याचा निकाल लागण्यास चार वर्षें आणि लाखो प्राण लागले.

इंग्लंडांतील सर्वांत गाजलेली निकाली शर्यत १८५१ सालची. फ्लाइंग डचमन हा अर्ल ऑफ एग्लिंटन यांचा घोडा. १८४९ सालीं त्यानें डर्बी आणि सेंट लेजर या दोन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या होत्या. पुढल्याच वर्षीं अर्ल ऑफ झेटलंड यांच्या व्होल्टिजर या घोड्यानें त्याच दोन शर्यती जिंकल्या. सप्टेंबर १८५० मध्यें डॉनकॅस्टर येथील कप शर्यतींत दोघे समोरासमोर आले आणि धाकट्या व्होल्टिजरनें थोरल्याला हरविलें. फ्लाइंग डचमनच्या सबंध आयुष्यांतील हा एकच पराभव. त्याचा स्वार मद्य पिऊन बसला होता आणि त्यानें आरंभापासूनच घोड्याची शक्ति उधळली, असें बोललें जाऊं लागलें. सबब उभी राहिली म्हणजे पैजहि उभी राहते. १,००० गिनींची रक्कम ठरली. वजन ठरविण्याचें काम अॅडमिरल राउस या जाणत्या पुरुषाकडे देण्यांत आलें आणि त्यांनीं फ्लाइंग डचमनवर साडेआठ पौंड अधिक घातले.

१३ मे १८५१ रोजीं यॉर्कच्या मैदानावर अफाट गर्दी लोटली. दोन मैलांची शर्यत. व्होल्टिजर पुढें निघाला. फ्लाइंग डचमन यावेळीं आवरून धरलेला, त्याच्या मागोमाग. शेवटच्या पल्ल्यांत तो बरोबरीला आला आणि एका लांबीनें, म्हणजे एका घोड्याच्या देहाइतक्या अंतरानें, जिंकला. थोरल्याची अब्रू राहिली. परंतु हिशेब मांडणारे म्हणूं लागले, दोघांची गांठ दोनदां पडली. एकदां हा जिंकला, एकदां तो. मग श्रेष्ठ कोण?

या प्रश्नाचें उत्तर मैदानानें दिलें नाहीं. काळानें दिलें, आणि तें फार सुंदर आहे. व्होल्टिजरला व्हेडेट नांवाचा मुलगा झाला. फ्लाइंग डचमनला फ्लाइंग डचेस नांवाची मुलगी झाली. या दोघांच्या पोटीं १८७२ सालीं गॅलोपिन जन्मला. तो १८७५ ची डर्बी जिंकला आणि त्याचा मुलगा सेंट सायमन हा एकदांहि न हरतां जगांतील श्रेष्ठ घोड्यांत गणला गेला. ज्या दोघांत श्रेष्ठ कोण म्हणून सारें यॉर्क भांडत होतें, ते दोघे एकाच नातवाचे आजोबा झाले. शिवाय त्याच यॉर्कच्या मैदानावर १९५० पासून व्होल्टिजरच्या नांवाची शर्यत भरूं लागली. तेथें नांव राहिलें तें हरलेल्याचें.

विसाव्या शतकांत या शर्यतींची सूत्रें अमेरिकेकडे गेलीं. बक्षिसांच्या रकमा फुगल्या, वृत्तपत्रें आणि चलच्चित्रें मदतीस आलीं. पण बारकाईनें पाहिलें तर यांतील कित्येक निकाल मैदानावर लागलेच नाहींत. ते घोड्याच्या खुरांत आधींच लागून गेले होते. १२ ऑक्टोबर १९२० रोजीं कॅनडांतील विंडसर येथें मॅन ओ वॉर आणि सर बार्टन यांची सव्वा मैलाची शर्यत झाली. बक्षीस ७५,००० डॉलर आणि वर सोन्याचा पेला. सर बार्टन हा १९१९ सालीं अमेरिकेच्या तिन्ही प्रमुख शर्यती जिंकणारा पहिला घोडा. पण त्याचे खूर नाजूक व दुखरे होते आणि तेथील जमीन कठीण. मॅन ओ वॉर सात लांबींनीं जिंकला. मॅन ओ वॉरच्या थोरवीविषयीं कोणासहि शंका नव्हती. पण त्या दिवशीं ती सिद्ध झाली असें म्हणणें म्हणजे लंगडत्या पैलवानाला चीत करून गदा उचलण्यासारखें होतें.

तीन वर्षांनीं, २० ऑक्टोबर १९२३ रोजीं, इंग्लंडच्या डर्बीचा विजेता पपायरस अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कच्या बेलमाँट मैदानावर अमेरिकेच्या झेव्हशीं झुंजावयास आला. आदल्या रात्रीं पाऊस झाला आणि मैदानाचा चिखल झाला. चिखलांत रुतून धरणारे नाल बसवावे, असा सल्ला पपायरसच्या माणसांना मिळाला होता. त्यांनीं गुळगुळीत नालच ठेविले. झेव्ह पांच लांबींनीं जिंकला. दोन राष्ट्रांच्या अभिमानाचा निकाल लोखंडाच्या चार पट्ट्यांनीं लावला.

या पार्श्वभूमीवर १९३८ सालची शर्यत उठून दिसते. अमेरिका तेव्हां मोठ्या आर्थिक मंदीच्या दशकांतून वाट काढीत होती. वॉर ॲडमिरल हा मॅन ओ वॉरचा मुलगा, १९३७ सालीं तिन्ही प्रमुख शर्यती जिंकलेला, बड्या घरचा घोडा. सीबिस्किट हाहि मॅन ओ वॉरच्याच वंशांतला, त्याच्या हार्ड टॅक या मुलाचा मुलगा. म्हणजे नात्यानें एक काका आणि दुसरा पुतण्या. पण पुतण्याचें बालपण हालांत गेलें होतें. बुटका बांधा, आंखूड पाय. दोन वर्षांचा असतांना एकाच सालांत त्याला ३५ शर्यती धांवविलें होतें. १९३६ सालीं चार्लस हॉवर्ड या मोटारींच्या व्यापाऱ्यानें त्याला स्वस्तांत विकत घेतलें आणि टॉम स्मिथ या अबोल शिक्षकाच्या हवालीं केलें. त्याचा नेहमींचा स्वार रेड पोलार्ड एका डोळ्यानें अधू होता. मंदीनें मोडलेल्या असंख्य माणसांना या तिघांत आपलेंच रूप दिसलें.

या दोन घोड्यांची गांठ प्रथम ३० मे १९३८ रोजीं बेलमाँट मैदानावर ठरली होती. बक्षीस एक लाख डॉलर. देशभर गाजावाजा झाला, आणि शर्यत तोंडावर आली असतां सीबिस्किटचे गुडघे दुखूं लागले. हॉवर्ड आणि स्मिथ यांनीं शर्यत रद्द करविली. वृत्तपत्रांनीं टर उडविली, घोडा घाबरला असें म्हटलें. पण दोघे ढळले नाहींत. निकाली शर्यतींच्या इतिहासांतील हा फार मोठा क्षण होता असें म्हटलें पाहिजे. त्या दिवशीं माणसांनीं एक लाख डॉलर बाजूला ठेवून घोड्याला विचारलें, आणि घोड्यानें दिलेलें उत्तर मानलें.

शर्यत झाली ती १ नोव्हेंबर १९३८ रोजीं, बाल्टिमोरच्या पिमलिको मैदानावर. बक्षीस आतां अवघें १५,००० डॉलर. दोघांवर वजन सारखें, १२० पौंड. वॉर ॲडमिरलला सुटण्याच्या फाटकाचा तिटकारा होता, म्हणून फाटक नको, घोडे चालत येतील आणि घंटा होतांच सुटतील, अशी अट त्याच्या धन्यानें घातली. वॉर ॲडमिरल सुटतांना विजेसारखा. तेव्हां ही अट सीबिस्किटला जड जाणार असा सर्वांचा तर्क. स्मिथनें तशीच एक घंटा तयार करून आठवडेच्या आठवडे आपल्या घोड्याला तिच्या आवाजाबरोबर झेपावण्यास शिकविलें. पोलार्ड पाय मोडून रुग्णालयांत पडला होता. त्याच्या जागीं बसणारा जॉर्ज वूल्फ त्याचा मित्र. पोलार्डनें त्याला सांगून ठेवलें होतें कीं पुढें गेल्यावर मुद्दाम थोडें आवरून प्रतिस्पर्ध्याला शेजारीं येऊं दे. त्याच्या डोळ्याला डोळा भिडला म्हणजे मग सीबिस्किट हार जाणार नाहीं.

मैदानावर ४०,००० लोकांची इतकी दाटी झाली कीं नभोवाणीवर शर्यतीचें वर्णन करणाऱ्या क्लेम मॅककार्थी याला आपल्या नेमलेल्या जागेपर्यंत पोंचतां येईना; त्यानें कठड्याशीं उभें राहूनच बोलण्यास सुरुवात केली. त्याचा आवाज सुमारें चार कोटी लोक ऐकत होते असा अंदाज करण्यांत आला. दोनदां सुटणें फसलें. तिसऱ्यांदा घंटा झाली आणि कोणाच्या ध्यानींमनीं नसतां सीबिस्किट पुढें झेपावला. मागल्या सरळ वाटेवर वूल्फनें सांगितल्याप्रमाणें किंचित् आवरलें. वॉर ॲडमिरल आला, शेजारीं भिडला. कांहीं क्षण दोघे एका जोखडाला जुंपल्यासारखे धांवले. मग सीबिस्किट सुटला. तो चार लांबींनीं जिंकला, १ मिनिट ५६ आणि तीनपंचमांश सेकंदांत; त्या मैदानावरील त्या अंतराची ती तोंपर्यंतची सर्वांत कमी वेळ होती. हरलेला घोडाहि आपल्या पूर्ण शक्तीनें धांवला होता. वजन सारखें, जमीन कोरडी, दोन्ही घोडे धडधाकट. सबब सांगावयास कोणाकडेहि कांहीं उरलें नाहीं. ज्या स्वच्छ उत्तरासाठीं लोक पिढ्यान् पिढ्या धडपडत होते, तें येथें मिळालें. मेमध्यें घोड्याचें दुखणें ऐकून घेतलें होतें म्हणूनच तें नोव्हेंबरांत मिळूं शकलें.

हा धडा टिकला नाहीं. ३१ ऑगस्ट १९५५ रोजीं शिकागोच्या वॉशिंग्टन पार्क मैदानावर पूर्वेचा नॅशुआ आणि कॅलिफोर्नियाचा स्वॅप्स यांची एक लाख डॉलरांची शर्यत झाली. त्या वर्षीं केंटकी डर्बींत स्वॅप्सनें नॅशुआला हरविलें होतें. परंतु या शर्यतीपूर्वीं स्वॅप्सच्या पुढल्या खुराचें दुखणें उलटलें होतें. गाजावाजा फार झालेला, गाडी पुढें निघालेली. तो तसाच धांवला. नॅशुआ साडेसहा लांबींनीं जिंकला. दोघे पुन्हां कधीं समोरासमोर आले नाहींत, आणि श्रेष्ठ कोण हा वाद जाणत्यांच्या बैठकींत तसाच चालू राहिला.

मग ६ जुलै १९७५ चा रविवार आला. रफियन ही तीन वर्षांची, काळसर रंगाची, उंचनिंच घोडी. दहा शर्यती धांवली होती, दहाहि जिंकली होती. फूलिश प्लेझर हा त्याच वर्षीचा केंटकी डर्बीचा विजेता. तें साल संयुक्त राष्ट्रांनीं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलेलें होतें. स्त्री-पुरुषांच्या बरोबरीचा वाद घरोघर चालू होता. एकेकाळीं उत्तर-दक्षिणेचें ओझें जसें एक्लिप्स आणि हेन्री यांच्या पाठीवर टाकलें गेलें, तसें हें नवें ओझें आतां या दोघांच्या पाठीवर आलें. हासिंतो वास्केस हा एकच स्वार दोघांवरहि बसत असे. डर्बी त्यानेंच फूलिश प्लेझरवर जिंकली होती. त्याला एकाची निवड करावी लागली. त्यानें घोडी निवडली.

बेलमाँटच्या मैदानावर सुमारें ५०,००० लोक आणि दूरचित्रवाणीवर लक्षावधि लोक पाहत होते. अंतर सव्वा मैल. फाटक उघडतांच दोघे शेजारीं शेजारीं भरधांव निघाले. रफियन किंचित् पुढें होती. अर्धा मैलहि पुरा झाला नव्हता, तोंच दोन्ही स्वारांना लांकूड मोडावें तसा आवाज आला. रफियनच्या उजव्या पुढल्या पायाचीं घोट्याजवळचीं हाडें फुटलीं होतीं. वास्केस तिला आवरूं लागला, ती आवरेना. मोडक्या पायानें ती पुढें धांवतच राहिली, कारण थांबणें तिला ठाऊकच नव्हतें. फूलिश प्लेझर एकटाच उरलेलें अंतर धांवून आला. त्याचा विजय पाहण्यास कोणाचे डोळे मोकळे नव्हते.

रात्रीं शस्त्रक्रिया झाली. गुंगी उतरतांच घोडी पडल्या जागीं पुन्हां धांवण्यासारखे पाय झाडूं लागली, आणि सांधलेलें सर्व उकललें. ७ जुलैच्या पहाटेपूर्वींच तिला कायमची झोंप देण्यांत आली. बेलमाँटच्याच मैदानांत, ध्वजस्तंभाजवळ तिला पुरलें. पुढें २०२३ सालीं मैदानाच्या नव्या बांधकामामुळें तिचे अवशेष केंटकींतील क्लेबोर्न फार्म या तिच्या जन्मस्थानीं नेण्यांत आले. त्या दिवसानंतर अमेरिकेंत एवढ्या इतमामाची दोघांची शर्यत पुन्हां झाली नाहीं.

रफियनला आधीं कांहीं दुखणें होतें आणि तें लपविलें गेलें, असें म्हणतां येत नाहीं. कोणीं एकानें अपराध केला असेंहि नाहीं. पण दोघांच्या शर्यतीची घडणच अशी आहे कीं तींत घोड्याला दम घेण्यास जागा नसते. घोळक्यांत घोडा मागें राहून आपली शक्ति राखूं शकतो, दुसऱ्यांच्या आडोशानें धांवूं शकतो. दोघांच्या शर्यतींत पहिल्या पावलापासून शेजाऱ्याशीं चढाओढ. सुमारें अर्ध्या टनाचें तें शरीर. गुडघ्याखालीं स्नायू मुळींच नाहींत, नुसतीं हाडें आणि कंडरा. भरधांव दौडींत प्रत्येक झेपेला एक क्षण असा येतो कीं सर्व भार पुढल्या एकाच पायावर तोललेला असतो, आणि तो शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक असतो. शिवाय घोडा हा कळपाचा प्राणी. शेजारीं दुसरा धांवत आहे तोंवर थांबूं नये, हें त्याच्या रक्तांतच आहे. माणसाच्या अभिमानाला या स्वभावासारखें सोयीचें हत्यार दुसरें कोठें मिळणार?

फडांतला पैलवान आपल्या इच्छेनें लंगोट कसतो. वस्तादाच्या पायां पडून, मातीला हात लावून, तो शड्डू ठोकतो. हार आणि जीत दोन्ही त्याचीं स्वतःचीं असतात. घोड्याला पैज ठाऊक नसते, प्रदेशाचा वा राष्ट्राचा मान ठाऊक नसतो, आणि श्रेष्ठ कोण हा प्रश्न तर त्याचा नव्हेच. तरीहि तो मागितलें तेवढें देतो आणि पुष्कळदां त्याहूनहि अधिक देतो. या तीन शतकांच्या आठवणींतून निकाल काढावयाचा तर तो एवढाच निघतो कीं माणसांना स्वच्छ उत्तर मिळालें तें ज्या वेळीं त्यांनीं आधीं घोड्याचें ऐकलें त्याच वेळीं. इतर वेळीं मिळाल्या त्या सबबी, वाद, आणि एकदां एक थडगें.

हें सर्व १७९९ सालींच एका म्हाताऱ्या चित्रकाराला दिसलें होतें. त्याच्या चित्रांतला तो मोतद्दाराचा पोरगा अजून तसाच उभा आहे. पैज कोणाची, किती गिनींची, कोण किती अंतरानें जिंकलें, यांतलें कांहींच त्याच्या चेहऱ्यावर नाहीं. एका हातांत फडकें आहे, दुसरा हात दमलेल्या घोड्याच्या पाठीवर आहे.